साबणाला फेस येईना

११ मार्च, सोमवार

ही डायरी विमा एजंटानं दिली तेव्हा कपाटात फेकली होती. आज काढली, कारण घरात बोलायला माणूसच नाही. द्वारका माहेरी गेली. सकाळच्या पहिल्या एसटीनं कन्नडला गेली. जाताना "येते" म्हणायची सुद्धा तसदी घेतली नाही बाईनं!

आणि कशावरून? वरणावरून.

काल रविवारी मी माझ्या स्टँडवरच्या जुन्या दोस्तांना वरण-बट्टीला बोलावलं होतं. तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, माणसं जोडलीत. बट्ट्या झकास झाल्या होत्या. पण वरण? डाळ एकीकडं, पाणी एकीकडं. दाताखाली दाणा कचकच लागत होता. पाहुणे बिचारे मान खाली घालून गिळत होते. माझं डोकं सरकलं. मी वाटीतलं वरण परत पातेल्यात ओतलं आणि म्हणालो, "अख्खा जन्म चुलीपुढं गेला, अजून डाळ शिजवता येईना हिला. गुरं तरी खातील का हे?"

ती पळी हातात धरून उभी होती. आज सकाळी पिशवी भरली.

आता यात मी काय खोटं बोललो? डाळ कच्ची होती का नव्हती? चार दिवसांपासून तिची चिडचिड चालूच होती, नळ आला नव्हता म्हणून. नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. भरायचा, झाकायचा, पुरवायचा सगळा कारभार तिचा. पण टाकीत बोअरचं पाणी चोवीस तास आहे की! घरात पाणी असताना पाण्यासाठी रडायचं, ही कुठली रीत?

मी मात्र काल पाहुण्यांत शोभत होतो. सकाळी दाढीला असा फेस आला होता की आप्पासाहेब म्हणाला, "बद्रीनाथ, गाल काय चकाकतेत रे, पुन्हा नवरदेव व्हायचा इरादा आहे काय?"

१२ मार्च, मंगळवार

आज दाढीच्या वेळी स्टुलावर तांब्या नव्हता. सवयीनं हात गेला आणि रिकामा परत आला. माझी रीत ठरलेली आहे. व्हरांड्यात आरसा, स्टुलावर गरम पाण्याचा तांब्या, डबीतला गोल 'चंदनराज' साबण, ब्रश. ते ट्यूब दाबून गालाला मलम चोपडणारे आम्ही नव्हे. दाढी म्हणजे दाढी. आधी साबणावर ब्रश फिरवायचा, मग गालावर, गोल गोल, फेस कानापर्यंत चढला पाहिजे.

असो. गीझरचं पाणी घेतलं आणि बसलो. ब्रश फिरवला. पुन्हा फिरवला. हात दुखला, फेस काही येईना! पांढरं चिकट काहीतरी डबीच्या कडेला साचलं, नासलेल्या दुधावानी. तसाच वस्तरा फिरवला तर गाल सोलून निघाले.

नवी डबी आहे ही, मागच्याच आठवड्यात फोडलेली. म्हणजे कंपनीनं माल बदलला. वरून तोच छाप, तेच चंदनाचं झाड, आत माती! गिऱ्हाइकाला आंधळं समजतात हे लोक.

१४ मार्च, गुरुवार

डबीवरच्या नंबराला फोन लावला. आधी बाईचा आवाज, मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. मग गाणं. मग पुन्हा बाई. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मी म्हणालो, बाई, महत्त्वाचा आहे तर उचला ना! एवढा मोठा स्टँड मी एका भोंग्यावर सांभाळला, कुणा प्रवाशाला गाणं ऐकवत बसवलं नाही.

शेवटी एक पोरगा बोलला. "सर, आमच्या फॉर्म्युल्यात काही बदल नाही."

"मग फेस का येईना?"

"सर, तुम्ही आमचं जेल वापरून बघा ना."

फोन आपटला. माझा मोबाइल, माझंच नुकसान. काचेला तडा गेलाय.

द्वारकेला तीन दिवसांत एकदाही फोन करावासा वाटला नाही. मी का करू? गेली कोण?

१६ मार्च, शनिवार

गाल इतके सोललेत की कडूबाच्या दुकानात जावं लागलं. कडूबा म्हणजे आमच्या हडको कॉलनीच्या चौकातला न्हावी. मी डबी सोबत नेली. म्हटलं, "बघ रे, हा माल बघ, काय लुटतेत लोकांना."

कडूबानं पिण्याच्या जारमधून वाटीभर पाणी घेतलं, माझ्याच साबणावर ब्रश फिरवला आणि लोण्यासारखा फेस! मी आरशात बघतच राहिलो.

"आण्णा, साबन तर एक नंबर हाय," म्हणतो. "तुमचाच हात थकला आसंल."

माझा हात थकला? या हातानं मी दिवाळीच्या गर्दीत चालत्या गाडीची दारं धरलीत. दुकानात बसलेली पोरं हसली. मी पैसे दिले आणि निघालो. घरी येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला, खोट साबणात नाही, ब्रशात आहे. माझा ब्रश जुना झालाय, केस झिजलेत. कडूबाचा ब्रश जाडजूड आहे, त्याच्याच जिवावर तो ऐट मारतो.

१७ मार्च, रविवार

गुलमंडीच्या बाजारात जाऊन नवा ब्रश आणला. लाकडी मुठीचा, भरघोस.

फेस आला नाही. तीच नासकवणी. नवा ब्रशही बेइमान निघाला.

२० मार्च, बुधवार

आता मी कुणाच्या भरवशावर राहणार नाही. आपला साबण आपणच सुधारायचा. मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला, तो घरीच साबण वितळवून त्यात हवं ते घालतो. त्याला जमतं तर मला न जमायला काय झालं?

द्वारकेची नारळाची किसणी घेतली. साबण किसला. पातेल्यात पाणी, त्यावर वाटी ठेवून कीस वितळवला. त्यात चमचाभर एरंडेल घातलं, व्हिडिओवाला म्हणतो त्यानं फेस टिकतो. थोडं ग्लिसरीन. चंदनाची पूड, देवघरातली. घरभर असा वास सुटला की शेजारच्या चतुराबाईनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "आण्णा, सत्यनारायण हाय का काय?"

"साबण करतोय," मी म्हणालो.

"इकत मिळंना व्हय?"

बाया लई आगाऊ असतात. मी खिडकी लावून घेतली.

वाटी थंड झाल्यावर वडी सुरेख दिसली, पिवळसर, तुकतुकीत. दाढीला बसलो. फेस नाही, नुसतं तेल! गालावर भजी तळता आली असती. किसणी घासली तरी वास जाईना. ती आली असती तर बोलली असती, किसणीला हात लावलाच कसा म्हणून. पण ती आहे कुठं बोलायला?

२२ मार्च, शुक्रवार

शेवटी मीच फोन केला. उचलला सांडूनं. सांडू म्हणजे माझा मेव्हणा, कन्नडजवळच्या मळ्यात राहतो, ऊस लावतो. गरीब माणूस, पण आज त्याचा आवाज वेगळाच.

"दाजी, बाई बोलत नाय म्हणती."

"का बरं? मी काय मारलं तिला?"

"मारलं नाय. मारलं आसतं तर बरं झालं आसतं म्हणती. दाजी, तिनं मळ्यात जागा दाखवलीय. हिरीजवळ. तिथं खोली बांधून दे म्हणती. ती तिथंच ऱ्हानार. पुढच्या आठवड्यात गवंडी येनार हाय."

मी म्हणालो, "डोकं फिरलं का तिचं? साठी ओलांडलेली बाई मळ्यात खोली बांधून एकटी राहणार? लोक काय म्हणतील?"

"तेच मी इचारलं. म्हणली, हितं हिरीचं पानी गोड हाय."

मी विचारतो संसाराचं, ती सांगते विहिरीचं! अडतीस वर्षांचा नवरा एका पारड्यात आणि विहिरीचं पाणी दुसऱ्या पारड्यात! मला इतका संताप आला की जेवलो नाही. तसंही जेवायला काही नव्हतं.

खोली उभी राहिली तर ती परत यायची नाही. ही बाई एकदा बोलली की बोलली, ते मला पक्कं माहीत आहे.

२५ मार्च, सोमवार, धुळवड

सापडलं! फेस सापडला!

काल होळी, दुकानं अर्धी बंद, तरी अत्तरवाल्याकडून गुलाबपाण्याची बाटली आणली. साबण किसून वितळवताना पाण्याऐवजी गुलाबपाणी घातलं. आज ब्रशही गुलाबपाण्यातच भिजवला, म्हटलं वास तरी चांगला येऊ दे. आणि अहाहा! फेस असा आला की नाकात गेला. कानापर्यंत चढला. किती दिवसांनी वस्तरा लोण्यातून फिरल्यासारखा फिरला. मी व्हरांड्यात एकटाच मोठ्यानं हसलो.

म्हणजे गुलाबात गुण आहे. मोठमोठ्या कंपन्यांना जे कळलं नाही ते हडकोतल्या रिटायर माणसानं शोधून काढलं. त्या फोनवरच्या पोराला सांगायला पाहिजे.

लगेच वाटलं, द्वारकेला सांगावं. मग आठवलं.

संध्याकाळी कडूबाच्या दुकानावरून गेलो तर म्हणाला, "आण्णा, आज कुनाच्या लग्नाला?" वासामुळं. मी बोललो नाही. कारागीर आपली कृती सांगत नसतो.

२८ मार्च, गुरुवार

बाटली संपली. गुलाबपाण्याची वडी डबीत आहे, गुलाबाचा अंश तिच्यात उतरलेला आहे, मग गीझरच्या पाण्यानं ब्रश भिजवला तर काय बिघडलं? बिघडलं! पुन्हा तीच नासकवणी. गुलाबसुद्धा भेसळीचा! या देशात शुद्ध काही उरलं आहे का?

वर हे कमी म्हणून आज डाळ लावली. रोज रोज खिचडीचं पाकीट किती दिवस खाणार? कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, गॅस संपायला आला, डाळ कच्चीच. दाताखाली कचकच. त्या रविवारसारखीच. तडक पुंजारामच्या किराणा दुकानात गेलो, डाळीची पिशवी त्याच्या काट्यावर आपटली.

"ही डाळ आहे का खडी?"

पुंजाराम म्हणाला, "आण्णा, हीच डाळ अख्खी हडको खाती. वहिनी बी हीच नेतेत. त्यांची कधी तक्रार नाय."

"तिच्या हातची पण कच्ची राहिली होती!"

"मग चूल बघा तुमची," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

साबण खोटा, ब्रश खोटा, गुलाब खोटा, डाळ खोटी. सगळं जग मिळून मलाच फसवतंय.

१ एप्रिल, सोमवार

आज सकाळी गल्लीत एकच गोंगाट, नळ आला. बादल्या, पाइप, मोटारी, भांडणं. मी नेहमीप्रमाणे पेपर वाचत बसलो. ती गेल्यापासून हा गोंगाट व्हायला लागला की मी कान बंद करतो. प्यायला आता जार लावलाय, वापरायला बोअर आहे, मला नळाची काय गरज?

चतुराबाई भिंतीवरून ओरडली, "आण्णा, नळ आलाय! भरायचं नाय का?"

"मला नको."

"आन् दाढीला?"

मी म्हणालो, "दाढीला गीझर आहे."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू मी तापात बरळतोय. "बोअरच्या पान्यानं दाढी करता? म्हनून गाल आसे झाले व्हय! आवो, द्वारकाबाईची एक पितळी कळशी आसायची ना, कोपऱ्यात, झाकून. नळाच्या पान्याची. ती तुमच्या दाढीची. रोज तांब्याभर त्यातलं तापवून ठिवायची. कुनाला हात लावू द्यायची नाय. मी येकदा चहाला मागितलं तर म्हणली, 'नको गं, आमच्या ह्यांचे गाल सोलतेत बोअरनं.'"

मी पेपर खाली ठेवला.

"आन् त्या रविवारी," चतुराबाईचा पाइप तसाच वाहत होता, "नळाचं पानी समदं संपलेलं. ती माझ्याकडं आली मागायला, माझ्याकडं बी नव्हतं. मी म्हणलं, 'अगं, कळशीत हाय ना तांब्याभर, वत डाळीत, पाव्हने येनारेत.' म्हणली, 'आज ह्यांची दाढी हाय, दोस्त येनारेत.' शेवटी बोअरच्या पान्यात लावली डाळ. ती काय शिजती? खारं पानी ते."

मग ती तिच्या बादलीकडं वळली. नळ थोडाच वेळ असतो.

कळशी मोरीच्या कोपऱ्यात सापडली. उपडी, धुऊन ठेवलेली. जायच्या आधी घासून गेली होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा नळाच्या रांगेत उभा राहिलो. कळशी भरली. बाया बघत होत्या, बघू दे.

तांब्याभर पाणी तापवलं. किसताना उरलेला, काही न घातलेला 'चंदनराज'चा तुकडा घेतला. ब्रश फिरवला. फेस आला. पहिल्याच फेरीत आला.

अर्ध्या गालाला लावून मी तसाच बसून राहिलो. फेस वाळला. मग तोंड धुऊन टाकलं. दाढी केलीच नाही.

२ एप्रिल, मंगळवार

राग उतरलेला नाही. आधी तिचाच आला. सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं का? त्या दिवशी पळी आपटून म्हणायचं, "तुमच्या थोबाडाला घातलं पाणी, म्हणून डाळ कच्ची!" माझ्या दोस्तांसमोर म्हणायचं. मी काय केलं असतं?

काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी म्हणालो असतो, बायका कारणं लई सांगतात.

मग कंपनीचा राग काढावा म्हटलं, तर कंपनीची काय चूक? कडूबाची काय? पुंजारामची काय? एक एक नाव घेतलं आणि सोडून दिलं. शेवटी जे नाव उरलं ते लिहायला हात वळेना.

आज दाढी नाही. कळशी कोपऱ्यात झाकून ठेवली आहे.

४ एप्रिल, गुरुवार

सकाळच्या गाडीनं कन्नडला गेलो. गाडी वेळेवर सुटली नाही, नियंत्रक खिडकीत चहा पीत होता. एरवी मी त्याला ऐकवलं असतं.

सांडूच्या मळ्यात विहिरीजवळ चुन्यानं चौकोन आखलेला होता. खोलीचा. बाजूला विटा पडल्या होत्या. बोलायचं काय ते गाडीत सगळं जुळवून आणलं होतं, सगळं विसरलो.

द्वारका ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं. चार दिवसांची पांढरी दाढी बघितली. लग्न झाल्यापासून तिनं मला असं कधी पाहिलं नव्हतं.

"आजारी होते का?"

"नाही."

"मग दाढी का नाय केली?"

"पाणी डाळीला ठेवलंय," मी म्हणालो.

तिचा हात शेंगांत तसाच थांबला. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"चतुरी बोलली वाटतं."

"व्हय."

"लई बोलती ती." मग एकदम तिचा आवाज चढला, "चार मानसांत मला गुरांचं खानं घालनारी म्हणले! मी काय रस्त्यावरून आले होते? पातेल्यात वरन वतताना हात नाय थरथरला तुमचा?"

मी मान खाली घातली. तिचं बोलणं संपेपर्यंत वर केली नाही. ती लई बोलली. इतक्या वर्षांचं बोलली. सांडू मध्ये पडायला आला तर मीच त्याला म्हणालो, "थांब, तिला बोलू दे."

शेवटी ती दमली. म्हणाली, "डाळ कोन लावनार?"

"मी."

"तुम्हाला येती?"

"नाही."

ती उठून आत गेली. आतून भावजयीला विचारल्याचं ऐकू आलं, "आता गाडी कधी हाय गं?"

"दुपारी अडीचला," मी बाहेरूनच सांगितलं.

"तुम्हाला नाय इचारलं," आतून आवाज आला.

विटांचं काय करायचं, सांडूनं विचारलं. द्वारका पिशवी घेऊन बाहेर येता येता म्हणाली, "ऱ्हाऊ दे तशाच. कधी लागतील सांगता येत नाय." ते माझ्याकडं बघून म्हणाली.

५ एप्रिल, शुक्रवार

काल रात्री वरण झालं. मऊ, एकजीव, पळीवरून धार सुटेल असं. डाळ मीच धुतली, ती शेजारी उभी राहून चुका काढत होती. आज आप्पासाहेबाला फोन केला, बाकीच्या तिघांनाही. पुढच्या रविवारी या म्हणालो, वरण-बट्टीला, मला काही सांगायचंय तुम्हाला. ती भाकरी थापत होती, पण थापण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होती.

आज सकाळी उठलो तर व्हरांड्यात स्टुलावर गरम पाण्याचा तांब्या. कळशीतलं उरलेलं. नळाचा अजून पत्ता नाही आणि ही बाई पुन्हा तेच करून मोकळी! माझं डोकंच सरकलं. तांब्या उचलला, आत गेलो, ती देवघरात होती, तेवढ्यात सगळं पाणी परत कळशीत ओतलं आणि झाकण लावलं. मग गीझरचं पाणी घेऊन आरशापुढं बसलो.

फेसाचा टिपूस नाही. नुसती नासकवणी. वस्तरा फिरवला तर दोन्ही गाल सोलले, हनुवटीवर रक्त आलं.

"फेस आला का?" आतून तिनं विचारलं.

"लई आला," मी म्हणालो.